एकसष्टचे ज्येष्ठ पद : प्रस्तावना

या पुस्तकाचा विषय एकच संख्या आहे : १,७६,६३,१९,०४९. वाचायची झाली तर एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. दहा अंकी संख्या, मोबाइलच्या नंबराएवढी लांब. तिच्यावर अख्खे पुस्तक लिहावे असे तिच्यात काय आहे, ते आधी सांगायला हवे.

या संख्येचा वर्ग करा. त्यातून १ वजा करा. उरेल त्याला ६१ ने भागा. भागाकार पूर्ण वर्ग येतो, आणि तो २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग असतो. ताळा असा :

१,७६,६३,१९,०४९ चा वर्ग = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१

६१ × (२२,६१,५३,९८० चा वर्ग) = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४००

दोन एकोणीस अंकी संख्या लागोपाठ आल्या आहेत. एक पूर्ण वर्ग आहे, दुसरी पूर्ण वर्गाची ६१ पट. असा गुण असलेल्या संख्या अनंत आहेत. १ हे क्षुल्लक उत्तर सोडले (त्याच्या वर्गातून १ वजा केला की शून्यच उरते), तर त्यांतली सर्वांत लहान संख्या हीच. दोनपासून मोजत निघालो, तर पावणेदोन अब्जांच्या पुढे येईपर्यंत एकही संख्या ही अट पुरी करीत नाही.

इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर काढून दाखवले. पुढे ५०७ वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यांनी हाच प्रश्न, हाच ६१ आकडा घेऊन, युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. फर्मांना भास्कराचार्यांची माहिती नव्हती. दोन वेगळ्या परंपरांतली दोन माणसे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबली, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ६१ मध्येच काहीतरी असले पाहिजे.

या पुस्तकात मला एकच गोष्ट दाखवायची आहे. मोठ्या संख्येच्या मोठेपणाला कारण असते, आणि ते कारण शोधता येते. मोठा आकडा पाहिला की आपण थबकतो, ‘चमत्कार’ म्हणतो आणि पुढे जातो. संख्येची खरी ओळख तिथे व्हायची राहते. १,७६,६३,१९,०४९ ही संख्या एवढी मोठी का, ती याच अंकांची का, ती कुठल्या लहान संख्यांतून जन्मली, हे सगळे कागद-पेन्सिलीने उलगडता येते. त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते.

प्रश्नाचे स्वरूप

आपल्या जुन्या गणितात या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. एक संख्या दिलेली असते, तिला प्रकृती म्हणायचे. इथे प्रकृती ६१. एका संख्येच्या वर्गाला प्रकृतीने गुणायचे, त्यात ठरावीक संख्या मिळवायची (किंवा वजा करायची), आणि उत्तर पूर्ण वर्ग आले पाहिजे. ज्या संख्येपासून सुरुवात केली ते कनिष्ठ पद. शेवटी आलेल्या वर्गाचे वर्गमूळ ते ज्येष्ठ पद. जे मिळवले तो क्षेप. क्षेप १ असेल तेव्हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि सर्वांत महत्त्वाचाही. आपली संख्या म्हणजे ६१ या प्रकृतीचे, क्षेप १ असतानाचे, सर्वांत लहान ज्येष्ठ पद.

कनिष्ठ पद म्हणून १, २, ३ असे एकेक घेऊन पाहायचे ठरवले तर काय होईल? उत्तर २२,६१,५३,९८० वर आहे. मिनिटाला एक संख्या तपासली आणि रात्रंदिवस थांबलो नाही, तरी सुमारे ४३० वर्षे लागतील. म्हणजे ज्याने हे उत्तर हाताने काढले त्याच्याकडे पद्धत होती, हे उत्तर पाहूनच कळते.

आता ६१ चे शेजारी पाहा. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४, ज्येष्ठ ३१ : ६० × १६ = ९६०, आणि ३१ चा वर्ग ९६१. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३ : ६२ × ६४ = ३९६८, आणि ६३ चा वर्ग ३९६९. प्रकृती ६३ असेल तर कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, तोंडी हिशेब. अलीकडे ३१, पलीकडे ६३, आणि मधल्या ६१ ला एकदम पावणेदोन अब्ज. १०० च्या आतल्या सर्व प्रकृती तपासल्या, तर एवढे मोठे उत्तर दुसऱ्या कुठल्याही प्रकृतीला लागत नाही.

हे असे का होते, याची पहिली चावी सातव्या शतकातली आहे.

ब्रह्मगुप्तांची भावना

ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. वर्गप्रकृतीचा पाया त्यात घातला आहे. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली : एकाच प्रकृतीची दोन उत्तरे हाताशी असतील, तर त्यांच्यापासून तिसरे तयार करता येते. या क्रियेचे नाव भावना.

कृती अशी. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार करा, दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणा, आणि बेरीज करा : हे नवे ज्येष्ठ. एकाचे ज्येष्ठ आणि दुसऱ्याचे कनिष्ठ असे तिरपे गुणाकार करून बेरीज करा : हे नवे कनिष्ठ. या तिरप्या गुणाकाराला वज्राभ्यास म्हणतात. नवा क्षेप म्हणजे जुन्या क्षेपांचा गुणाकार. नियम एवढाच आहे. पण त्याच्यामुळे उत्तरे एकटी राहत नाहीत, एकमेकांत मिसळून नवी उत्तरे घडवतात. आजच्या बीजगणितात ज्या रचनांचा अभ्यास होतो त्यांचे एक अतिशय जुने उदाहरण इथे आहे, आणि ते पूर्णपणे आकड्यांत मांडलेले आहे.

आता ६१ च्या शेजाऱ्यांकडे परत जाऊ. ६० च्या जवळचा वर्ग ६४. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ४. या उत्तराची स्वतःशीच भावना केली तर ज्येष्ठ ६४ + ६० = १२४, कनिष्ठ १६, क्षेप १६. क्षेप १६ हा ४ चा वर्ग आहे, म्हणून पदांना ४ ने भागले की क्षेप १ होतो : ज्येष्ठ ३१, कनिष्ठ ४. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप २. स्वतःशी भावना केली की ज्येष्ठ १२६, कनिष्ठ १६, क्षेप ४. दोनाने भागले की ६३ आणि ८. एका पायरीत काम संपले. क्षेप १, २ किंवा ४ (अधिक किंवा उणे) एवढ्यावर आणून ठेवला की पुढची वाट ब्रह्मगुप्तांनी मोकळी करून ठेवली होती.

६१ साठी मात्र कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ घेतले की क्षेप ३ येतो, कारण ६४ वजा ६१ म्हणजे ३. स्वतःशी भावना केली तर ज्येष्ठ १२५, कनिष्ठ १६, क्षेप ९. आता ३ ने भागायला हवे, आणि १२५ ला ३ ने भाग जात नाही. वाट इथे बंद होते. सगळी अडचण या ३ ची आहे.

भास्कराचार्यांचे चक्रवाल

वाट बंद झाल्यावर काय करायचे, याचे उत्तर चक्रवाल पद्धतीने दिले. ही पद्धत भास्कराचार्यांच्याही आधीची. जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती मांडली होती आणि १०७३ च्या उदयदिवाकरांच्या टीकेत त्याचा उतारा सापडतो. भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणितात’ नेटकेपणाने सांगितली, आणि उदाहरणांना मुद्दाम ६७ आणि ६१ या प्रकृती निवडल्या. ही निवड बारकाईने पाहावी अशी आहे. सोप्या प्रकृती भरपूर होत्या. त्यांनी शंभराच्या आतली सर्वांत अवघड प्रकृती उचलली.

पद्धतीचा गाभा असा आहे. क्षेप अडचणीचा असला तर तो जसाच्या तसा ठेवायचा नाही. अशी एक संख्या शोधायची, की कनिष्ठाला तिने गुणून त्यात ज्येष्ठ मिळवले तर बेरजेला क्षेपाने पूर्ण भाग जातो. अशा संख्या अनेक मिळतात. त्यांतली जिचा वर्ग प्रकृतीच्या सर्वांत जवळ असेल ती घ्यायची. तिच्या साह्याने नवे कनिष्ठ, नवे ज्येष्ठ आणि नवा क्षेप काढायचा. नवा क्षेप सोयीचा आला तर ब्रह्मगुप्तांच्या वाटेने पुढे जायचे, नाही तर हेच पुन्हा करायचे.

६१ साठी प्रत्यक्ष करून पाहू. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. कोणत्या संख्येत ८ मिळवले की ३ ने भाग जातो? १, ४, ७, १०, १३... यांपैकी ७ चा वर्ग ४९, हाच ६१ च्या सर्वांत जवळ. म्हणून ७ घेतले.

नवे कनिष्ठ : (१ × ७ + ८) ÷ ३ = ५.

नवे ज्येष्ठ : (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ११७ ÷ ३ = ३९.

नवा क्षेप : (४९ − ६१) ÷ ३ = उणे ४.

ताळा : ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग २५, ६१ × २५ = १५२५. फरक उणे ४. बरोबर.

एकाच फेऱ्यात ३ जाऊन उणे ४ आला, आणि ४ म्हणजे ब्रह्मगुप्तांची ओळखीची वाट. भास्कराचार्य इथून थेट त्या वाटेला लागतात. पदांना २ ने भागायचे : कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १. पदे अपूर्णांकात आली तरी ते थांबत नाहीत. या जोडीची स्वतःशी भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप १ झाला, पण पदे अजून अपूर्णांकातच आहेत. म्हणून आधीच्या जोडीशी आणखी एकदा भावना केली : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. अपूर्णांक गेले, पण क्षेप उणे झाला. आता या जोडीची स्वतःशी भावना केली की उणे १ गुणिले उणे १ म्हणजे १ :

कनिष्ठ = २ × २९,७१८ × ३८०५ = २२,६१,५३,९८०

ज्येष्ठ = १,७६,६३,१९,०४९

४३० वर्षांचे काम चक्रवालाच्या एका फेऱ्यात आणि भावनेच्या तीन पायऱ्यांत झाले. मी पहिल्यांदा हा हिशेब ओळीओळीने स्वतः केला, तेव्हा ३९ आणि ५ ही दोन लहान पदे पाहून मला फार आनंद झाला. दहा अंकी संख्येचे मूळ दोन अंकी संख्येत सापडले होते. तो आनंद वाचकाला मिळावा, हा या पुस्तकाचा खरा हेतू.

संख्येच्या पोटात

आता आपण मघाच्या ‘का’ ला उत्तर देऊ शकतो. ३९/२ आणि ५/२ या जोडीत दोन उणिवा होत्या : पदे अपूर्णांकात होती, आणि क्षेप उणे होता. अपूर्णांक घालवायला त्या जोडीच्या तीन प्रती भावनेने एकत्र आणाव्या लागल्या. उणे चिन्ह घालवायला त्या तिहेरी जोडीची दुप्पट करावी लागली. तीन दुणे सहा. दर प्रतीगणिक पदांचा आकार सुमारे ३९ पट वाढतो. ३९ चा सहावा घात घेऊन निम्मा केला की सुमारे पावणेदोन अब्ज येतात. मोठेपणाचा हिशेब पुरा झाला.

या जन्मकथेच्या खुणा संख्येच्या अंगावर आहेत. तिच्या आधीची संख्या १,७६,६३,१९,०४८. ही २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. तिच्या नंतरची १,७६,६३,१९,०५०. ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट, म्हणजे दोनदा ६१ पट. एका बाजूला एका पूर्ण वर्गाची दुप्पट, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पूर्ण वर्गाची १२२ पट, आणि मध्ये आपली संख्या. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला की तिच्या या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार मिळतो, हे शाळेतले सूत्र. म्हणून एकोणीस अंकी गुणाकार न करताही ताळा पाहता येतो : २ गुणिले १२२ म्हणजे २४४, आणि २४४ म्हणजे ६१ × ४. चार स्वतःच वर्ग आहे, बाकीचे दोन्ही वर्ग आहेतच. ६१ बाहेर उरतो. सिद्धता संपली.

दुसरी खूण तिच्या अवयवांत आहे. १,७६,६३,१९,०४९ ही मूळ संख्या नाही. १५२३ × ११,५९,७६३ असे तिचे अवयव पडतात. १५२३ हा आकडा आपण नुकताच पाहिला. भावनेच्या पहिल्या पायरीत १५२३/२ हे ज्येष्ठ पद आले होते. अर्ध्या वाटेवर भेटलेली ती संख्या अंतिम उत्तराला निःशेष भागते. हेही अपघाताने घडलेले नाही. १५२३ चा घन करा, त्यातून १५२३ ची तिप्पट वजा करा आणि बाकी निम्मी करा. ३,५३,२६,४२,६६७ मधून ४५६९ गेले की ३,५३,२६,३८,०९८ उरतात, आणि त्याचे निम्मे म्हणजे आपली संख्या. १५२३ स्वतः कुठून आले? ३९ च्या वर्गात २ मिळवून. म्हणजे ३९ हा एक आकडा लक्षात ठेवला तर दहाच्या दहा अंक पुन्हा उभे करता येतात. ही संख्या पाठ करायची गरज उरत नाही, ती बांधता येते.

तिसरा गुण व्यवहाराच्या जवळचा आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ जवळजवळ मिळते. १,७६,६३,१९,०४९ ÷ २२,६१,५३,९८० हा भागाकार आणि ६१ चे खरे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर पहिल्या सतरा स्थळांपर्यंत जुळतात : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. ६१ चे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात तंतोतंत बसत नाही, पण हा अपूर्णांक त्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहतो. वर्गमुळांची अशी जवळची किंमत खगोलगणिताला हवीच असते.

पाटणचा शिलालेख

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला एक संबंध दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी तिथे मठ स्थापन केला, आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे. लेख संस्कृतात असून शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला.

गणिताचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून दान दिले जाते आणि दानाच्या अटी सामान्य लोकांना कळाव्यात म्हणून त्यांच्या बोलीत कोरल्या जातात, ही आपल्या प्रदेशाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. लीलावतीची कथा मराठी घरांत आजही सांगितली जाते. ‘बीजगणितातले’ हे उदाहरण मात्र फार थोड्यांना माहीत असते. भास्कराचार्यांची बुद्धी जिथे सर्वांत उंच जाते ती जागा आपल्या वाचकांना अपरिचित राहावी, याची मला खंत वाटते. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

फर्मांचे आव्हान

फर्मा हे तुलूझच्या न्यायसंस्थेतले अधिकारी. गणित त्यांनी आवडीने केले आणि बरेचसे पत्रांतून कळवले. फेब्रुवारी १६५७ मध्ये फ्रेनिक्ल द बेसी यांना लिहिताना त्यांनी ६१ आणि १०९ ही दोन उदाहरणे दिली. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत, असा त्यांचा सूर होता. प्रत्यक्षात १०० च्या आत ६१ इतकी अवघड प्रकृती नाही, आणि तिच्यापेक्षा मोठे उत्तर लागणारी पहिली प्रकृती १०९. तिचे ज्येष्ठ पद पंधरा अंकी आहे : १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. हे दोनच आकडे निवडणाऱ्याकडे पद्धत असणार, यात शंका नाही.

इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी प्रश्न सोडवला. फ्रेनिक्ल यांनी १५० पर्यंतच्या प्रकृतींची उत्तरे काढली आणि उलट ३१३ चे आव्हान दिले. ब्राउंकरांनी तेही पार पाडले. पुढे ऑयलर यांनी ही पद्धत चुकून जॉन पेल यांच्या नावावर घातली, आणि पेल यांचा या शोधाशी संबंध नसताना ‘पेलचे समीकरण’ हे नाव जगभर रूढ झाले. १७६० च्या दशकाच्या अखेरीस लाग्रांज यांनी सिद्ध केले, की प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, आणि पद्धत कधी ना कधी तिथे पोचतेच. भास्कराचार्यांनी पद्धत दिली, उत्तरे दिली. ती नेहमीच यशस्वी होते याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही, आणि आपले उत्तर सर्वांत लहान आहे हेही पुढच्या उपपत्तीने कळते. हा फरक स्पष्ट ठेवायला हवा. त्यामुळे कोणाचेही श्रेय कमी होत नाही, आणि प्रत्येकाने नेमके काय केले ते कळते.

कोलब्रुक यांनी ‘बीजगणिताचे’ संस्कृतातून केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ६१ चे उत्तर तिथे आधीच आहे हे युरोपला दिसले. जर्मन गणितेतिहासकार हांकेल यांनी चक्रवालाची मनापासून स्तुती केली आणि लाग्रांजपूर्वीच्या संख्या-सिद्धांतातले ते सर्वोत्तम काम ठरवले. चक्रवाल नेहमी पूर्ण होते याची स्वतंत्र सिद्धता विसाव्या शतकात, १९३० च्या सुमारास, म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. आर्किमिडीजच्या नावावर असलेला गुरांच्या कळपांचा एक प्रश्न आहे. त्याचे समीकरण सोपे करत गेले की ४७,२९,४९४ या प्रकृतीची वर्गप्रकृती उरते. जर्मन गणितज्ञ आम्थोर यांनी १८८० मध्ये दाखवले, की गुरांची एकूण संख्या २,०६,५४५ अंकी येते. ती संख्या पूर्ण काढायला १९६५ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात संगणक वापरावा लागला. प्रकृती लहान आणि उत्तर अफाट, हा ६१ मध्ये दिसलेलाच गुण तिथे टोकाला जातो.

हे पुस्तक कसे वाचावे

पहिल्या दोन प्रकरणांत भावना आणि चक्रवाल यांचा सराव आहे. तिसऱ्यात ६१ चा हिशेब वर दिला त्यापेक्षा सावकाश, प्रत्येक पायरीच्या कारणासह केला आहे. चौथे प्रकरण संख्येच्या अवयवांचे आणि तिच्या शेजाऱ्यांचे. पाचव्यात ६१ च्या पुढच्या उत्तरांची माळ आहे. त्यातले दुसरे ज्येष्ठ पद एकोणीस अंकी आहे. ते आपल्या संख्येच्या वर्गाची दुप्पट करून १ वजा केला की मिळते. शेवटचे प्रकरण लाग्रांज यांच्या सिद्धतेचे. ते अवघड वाटले तर पहिल्या वाचनात सोडून दिले तरी चालेल.

एक विनंती आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर या प्रस्तावनेतले दोन्ही एकोणीस अंकी गुणाकार केले तर तो पहिले दहा अंक दाखवतो, आणि दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात. ज्या एकाच्या फरकासाठी हे सगळे आहे, तोच फरक पडद्यावरून नाहीसा होतो. हाताने केले तर तो दिसतो, आणि का आहे तेही दिसते.

शिक्षकांना वेगळे सांगायचे ते एवढेच, की चक्रवालासाठी लागणारे गुणाकार-भागाकार आठवीतली मुले करू शकतात. त्यांना उत्तर आधी सांगू नका. ६०, ६२ आणि ६३ सोडवून द्या, मग ६१ पुढे ठेवा, आणि ३ पाशी ती अडली की चक्रवाल शिकवा. अडल्यावर शिकलेली पद्धत विसरली जात नाही.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी भास्कराचार्यांचे दुसरे उदाहरण स्वतः सोडवून पाहा : प्रकृती ६७. सुरुवात कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप उणे ३ इथून करा. चक्रवालाच्या तीन फेऱ्यांत क्षेप उणे २ वर येईल. तिथून भावनेची एक पायरी पुरते. उत्तर कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८,८४२. हे आकडे तुमच्या कागदावर तुमच्या हाताने आले, की पुढचे सारे पुस्तक तुम्ही निम्मे वाचल्यासारखेच आहे.